आठशे चाळीस गाड्यांचा रस्ता

मी रस्त्यावर आडवी पडलेली काळी रबरी नळी बोलतेय. अंगावरून चाक गेलं की माझ्यातली हवा दचकते आणि खांबाला बांधलेली पेटी एक ठोका नोंदवते. दोन ठोके म्हणजे एक गाडी. एवढीच माझी अक्कल.

उमेदीची वर्षं मी दक्षिण फिनलंडात, ट्रकांखाली काढली. मग एका जूनमध्ये मला दूर उत्तरेला, लॅपलँडच्या एका आडगावच्या हायवेवर सात दिवसांसाठी अंथरलं. तिथले डास एवढे दांडगे की दोघांनी मिळून उडी मारली तर ठोका पडावा. शपथ मात्र घेणार नाही. त्यांना कंटाळून रेनडिअर वाऱ्याला रस्त्यावर येतात, तासन्‌तास फिरतात. माणसं हॉर्न वाजवत नाहीत. इंजिन बंद करून बसून राहतात.

पेटीत भरल्या रोजच्या आठशे चाळीस गाड्या. शहरातल्या कचेरीत रस्ते आखणाऱ्या हेनरीकाने तो आकडा संगणकावरच्या नकाशात घातला, पुढच्या वीस वर्षांची वाढ धरली. रस्त्याची सुतासारखी रेघ फुगून बोटाएवढी जाड आणि लाल झाली आणि शेजारच्या एका ठिपक्यावर चढली.

तो ठिपका म्हणजे आऊनेची सॉना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी आऊने तिथंच जन्मली. तिच्या आईला शेवटची अंघोळही तिथंच घातली होती.

सात दिवस संपल्यावर हेनरीका मला उचलायला आली, पण आधी नकाशाची गुंडाळी घेऊन आऊनेकडे गेली. आऊनेने आधी कॉफी पाजली. तीन कप. तिसऱ्यानंतर पोरीच्या तोंडून निघालं, "मावशी, सॉना पाडावी लागेल. रस्ता रुंद होणार."

"आठशे चाळीस?" आऊने नकाशावर वाकली. "गावात माणसं एकोणनव्वद. बाकीचे काय ढगातून पडतात?"

"तुझ्याकडे पाहुणे येत असतील," कोपऱ्यातून गावातला टाइस्तो म्हणाला. रेनडिअर त्याचेच.

"तुझ्याशिवाय कोण मेलं येतंय माझ्याकडे!"

तेवढ्यात कळप माझ्यावरून निघाला. टक टक टक टक. हेनरीका धावत बाहेर आली, पेटीकडे बघतच राहिली.

टाइस्तो मागून आला. "चार पाय. म्हणजे तुमच्या हिशेबानं एकेका जनावराच्या दोन गाड्या. दोनशे जनावरं आहेत, पोरी, रोज जातात नि परत येतात. लायसन एकालाही नाही."

हेनरीकाचे कान लाल झाले. तिने मला गुंडाळून ठेवलं आणि डासांची जाळी डोक्यावर घेऊन स्वतः सात दिवस कडेला बसली. पेन्सिलीने मोजल्या रोजच्या चोपन्न.

"त्यातल्या वीस माझ्या," टाइस्तो कबूल झाला. "दहा वेळा कॉफीला यायचं, दहा वेळा परत जायचं."

आऊनेने त्याचा कप भरला. नकाशावरची रेघ पुन्हा सुतासारखी झाली. सॉना वाचली.

मला चीर गेली होती, म्हणून मी मागेच राहिले. आता मला दोर करून आऊनेची होडी सॉनेमागच्या तळ्याच्या धक्क्याला बांधलेली असते.

तीन वर्षांनी हेनरीका परत मोजायला आली. भरल्या चौतीस. "गावातली माणसं तेवढीच, मग वीस गाड्या गेल्या कुठं?" ती पुटपुटली. मला धक्क्यावरून दिसत होतं. टाइस्तोची व्हॅन सॉनेमागे उभी होती, चाकांभोवती गवत गुडघाभर वाढलं होतं. माझ्याकडे आता पेटी नाही. सांगणार कशी?

तुमच्याकडे माझी एखादी बहीण रस्त्यात आडवी दिसली तर हळू जा. आणि नकाशावर रेघ जाड करण्याआधी कुणीतरी खिडकीतून डोकावून बघा. आम्हाला नुसते ठोके कळतात; कोण आलं आणि कोण राहिलं, ते नाही.