गाईने नाकारलेली पेंढी

मी गवताची एक पेंढी बोलतेय. पेंढी कसली, आता जेमतेम मूठभर काड्या उरल्यात माझ्या. वाळवी रोज येते आणि थोडं थोडं घेऊन जाते. तेव्हा बोलायचं ते आजच बोलून घेते.

माझा जन्म यातेंगा नावाच्या कोरड्या मुलखातल्या एका लाल, खडकाळ टेकडीवरचा. आमची जात राठ. ना चव, ना रस. शेळी पुठ्ठासुद्धा चघळते, पण आम्हाला हुंगून पुढे जायची. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं. ओढ्याकाठचं गवत गाढवगाडीतून मिरवत बाजाराला जायचं आणि आम्ही उभ्या जागी वाळायचो.

तिथून मला खाली आणलं कुइल्गानं. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी कोकोच्या मळ्यात कामाला म्हणून आयव्हरी कोस्टला गेला, तो गेलाच. मागे जमिनीचं सगळं थोरल्या दिराच्या, सिबिरीच्या हातात. त्यानं तिला दिली ती घरामागची उघडी बोडकी जागा. अशी टणक, की पावसाचं पाणी वरून वाहून जायचं, आत थेंब मुरायचा नाही.

तिथे कुइल्गाला गोरखचिंचेची रोपं लावायची होती. तिला हवा होता पाला. सागाबोवर, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, त्या पाल्याचं कालवण नसेल तर पोरं ताटाकडे बघतसुद्धा नाहीत. अंगणात गोरखचिंचेचं झाड होतं, पण ते जावेचं. रोज संध्याकाळी कुइल्गा वाडगं घेऊन त्याच्याखाली उभी राहायची. जाऊ म्हणायची, "आज पण?" एवढंच. पाला द्यायची, नाही असं नाही. पण ते दोन शब्द कुइल्गाला घासागणिक टोचायचे.

पहिल्या वर्षी तिनं रोपं उघडीच ठेवली, ती कोरड्या वाऱ्यानं करपून गेली. दुसऱ्या वर्षी ओल टिकावी म्हणून बुंध्याभोवती चांगला कडबा अंथरला. पण कापणी झाली की शेतं सगळ्यांच्या गुरांना मोकळी, ही इथली रीत. हमिदू गुराख्याच्या गाई आल्या, त्यांनी कडबा खाल्ला आणि जाता जाता रोपं तुडवली.

"गाई आवरता येत नाहीत तुला?" कुइल्गा त्याच्यावर धावून गेली.

"ताई, पंगत तू मांडलीस," हमिदू शांतपणे म्हणाला, "आणि बोल माझ्या गाईंना?"

दोन दिवस ती धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिला पटलं. मग तिची शोधाशोध सुरू झाली, ती पुढचा पावसाळा सरेपर्यंत चालली. भुईमुगाचा पाला मेंढ्या सोडत नाहीत, सुकी पानं वाऱ्याबरोबर जातात, शेण उन्हानं खडखडीत होतं. जे कुणाच्याच तोंडाला नको ते कुठे मिळेल, असा विचार करत ती टेकडीकडे बघत राहिली आणि सकाळी विळा घेऊन वर आली.

सिबिरीनं आधीच बजावलं होतं, "यंदाही रोपं मेली तर तिथे मेंढ्यांचा वाडा घालणार. मग पुन्हा जागा मागायची नाही."

या तिसऱ्या वर्षीच्या पावसात तिनं चाळीस खड्ड्यांत चाळीस रोपं लावली होती. पाऊस सरला तशी आम्हाला कापून चार बोटं जाड अंथरलं. बुंध्याला टेकू दिलं नाही आणि वर दगड ठेवले. हमिदूची गाय आलीच. मला हुंगलं, फुरफुरली आणि निघून गेली.

"हे?" हमिदू हसायला लागला. "गाई उपाशी मरतील पण याला तोंड लावणार नाहीत."

"म्हणून तर आणलंय," कुइल्गा म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा मला माझ्या राठपणाचं बरं वाटलं. पाठोपाठ खालून वाळवी आली. मला खाता खाता तिनं ती दगडासारखी जमीन भोकाभोकांची केली. कुइल्गा प्रत्येक रोपाला आठवड्याला वाटीभर पाणी घालायची, ते आता आत जाऊ लागलं. वरचं ऊन मी अडवायचे.

पण रोपांची पानं गळली. राहिल्या नुसत्या काटक्या. ऐन उन्हाळ्यात सिबिरी वाड्याचे खुंट घेऊन आला.

"काटक्यांना काय पाणी घालतेस? मेलीत ती."

कुइल्गाला तरी कुठे खात्री होती? ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, या गवताखाली हात घाला."

त्यानं नाराजीनंच हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. बोटांना ओली माती लागली होती. त्यानं ती चोळून पाहिली, हुंगली. मग खुंट खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि मला उचलून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. सिबिरी रोज येऊन चाचपायचा आणि रोज थोडी ओल उडून जायची. मी जीव मुठीत धरून पडून राहायचे.

शेवटी कुइल्गानंच त्याला हटकलं, "भाऊजी, घडीघडी झाकण काढलं तर सागाबो शिजेल का?"

तो ओशाळला. तेव्हापासून यायचा, पण नुसता उकिडवा बसून राहायचा. म्हणूनच कोंब पहिल्यांदा त्याला दिसला. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता आणि एका काटकीच्या टोकाला हिरवा ठिपका फुटला होता. त्यानं कुइल्गाला हाक मारली. आठवडाभरात सव्वीस रोपं फुटली. चौदा खरंच मेली होती. कुइल्गा आधी त्या चौदांपाशी जाऊन बसली. आनंदानं रडत होती की दुःखानं, मला कळलं नाही.

सिबिरी तिच्याकडे न बघता म्हणाला, "चौदा खड्डे मोकळे झालेत. पाऊस आला की त्यात नवी रोपं लाव. जागा तुझीच आहे."

त्या नव्या रोपांवर पांघरायला मी नसेन. पण टेकडीवर माझ्या बहिणी उभ्या आहेत, त्यांना आणा. अंथरताना हात आखडू नका, आणि एकदा अंथरलं की आम्हाला उचलून बघू नका. खाली आमचं काम चालू असतं.