केळीच्या कोंबाची सान्ह

थोआमावशी चौथ्या तळ्याच्या झडपेवर मांडी घालून बसली होती आणि तळ्याचं पाणी सोडून द्यायला आलेले दोघे गडी तिच्यासमोर ताटकळत उभे होते. साहेबांचा हुकूम आहे, असं त्यांनी तीनदा सांगून पाहिलं. मावशी म्हणाली, मग साहेबांनाच बोलवा. त्यांच्या मोटारसायकलला काही इथला चिखल नवा नाही.

कोळंबीच्या या जुन्या तळ्यांत आता शेवाळ पिकत होतं. इतकं बारीक, की पाण्यालाच रंग चढल्यासारखं वाटावं. त्याच्या तेलावर गाड्या चालायच्या होत्या. बाटलीभर बियाणं मावशीने सात महिन्यांत तळ्यातळ्यांतून वाढवलं होतं. गेले नऊ दिवस चौथ्याचं खत तोडलं होतं. उपाशी राहिलं की हे शेवाळ पोटात तेल धरतं. काढणीला दोनच दिवस उरले होते.

घोटाळा केला एका शब्दाने. काल तिसऱ्या तळ्यात निळं, विषारी शेवाळ शिरलं. आज सकाळी इंजिनिअर खिएमने कचेरीतून फोनवर विचारलं, चौथंही सान्ह झालंय का? मावशीने कौतुकाने सांगितलं, झालंय की, छान सान्ह. इथल्या भाषेत हिरवं पानही सान्ह आणि निळं आभाळही सान्ह. त्याने विचारलं निळं, तिने सांगितलं हिरवं, आणि चौथं रिकामं करायचा हुकूम सुटला.

खिएम घामाघूम होऊन आला. मावशीने दोन पांढरे वाडगे बुडवून आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"ही चौथ्याची, केळीच्या कोंबाची सान्ह. ही तिसऱ्याची, बदकाच्या मानेची. कॉलेजात एकच शिकवली का रे बाळा?"

गडी तोंड फिरवून हसले. खिएमने कोवळ्या हिरव्या पाण्याचा वाडगा उन्हात धरला, हुंगला, पुन्हा धरला.

"चुकलो, मावशी. चौथं राहू दे."

"राहणारच होतं. मी उठत होते होय?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, की तिसरं मात्र आजच मारायला हवं. गडी चुना टाकतील, तू घरी जा.

डोळे पुसत घरी जाणारी मावशी नव्हती. दोन्ही तळी तिने एकाच बाटलीतून वाढवली होती. ती उठली, पायजम्याचा चिखल झटकला आणि एका गड्याने खांद्यावर घेतलेलं चुन्याचं पोतं स्वतःकडे ओढून घेतलं.

"त्याला माझ्या हाताची सवय आहे," ती म्हणाली.

आणि बांधाबांधाने चालत, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी, ती मूठमूठ चुना पाण्यावर सोडत गेली.