देवीचा नकार

शेवंतीने पदराचा बोळा करून दातांत धरला आणि भिंतीकडे पाठ फिरवली. बाकीच्या बायका पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मागे दिवा, पुढे तिची सावली. पडदे ओढलेले असल्यामुळे भर दुपारी तिथे तिन्हीसांज झाली होती.

"काकी, काय झालं?" जान्हवी कानाशी येऊन पुटपुटली. "घसा?"

शेवंतीने मान डोलावली.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला हा जुना गाळा. यंत्रं गेली, लादी बदलली, आणि आता रुचिरा नावाची बाई रविवारी इथे बायकांना घेऊन बसायची. आत दडपून ठेवलेलं जे काही असेल, राग म्हणा, हाव म्हणा, त्याला सावली म्हणायचं आणि तिच्याशी बोलायचं, असं जान्हवीने येताना मेट्रोत समजावलं होतं. शेवंतीने ऐकून घेतलं. तिच्या माहेरी, मालवणकडे, एखादीवर सावली पडली तर ती उतरवून टाकायचे. इथे तिला समोर बसवून गप्पा मारायच्या होत्या.

माई गेल्यापासून हे सुरू झालं होतं. माई म्हणजे तिची थोरली जाऊ, जान्हवीची आई. बाराव्याला जान्हवी "आई, आई" म्हणत रडत होती. तिला धरून बसलेल्या शेवंतीच्या घशात काहीतरी येऊन अडकलं, ते तिथेच राहिलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. काही नाही म्हणाले. पण घास गिळताना तिला वाटायचं, आत कुणीतरी उकिडवं बसलंय. दुपारी घरात एकटी असली की ते हलायचं. एकदा भांडी घासताना तिच्याच तोंडून एक जाड, घोगरा आवाज निघाला, आणि तिने घाबरून नळ मोठा सोडला. नवरात्रात ढोल वाजू लागला तशी ती मोरीत कडी लावून बसली.

दहिसरच्या चाळीत असल्या गोष्टी लपत नाहीत. शेजारच्या खोलीत थोरले दीर राहायचे, माईचे यजमान काशीराम. ते म्हणाले, "वारं परत उठलंय. गावाहून घाडी बोलवूया." घाडी म्हणजे गावचं देवाधर्माचं बघणारा, बाधा झाली तर बांधून टाकणारा. ते ऐकलं आणि जान्हवी तिला इकडे घेऊन आली.

"बोलायची घाई नाही, ताई," रुचिरा हळूच म्हणाली. "नुसतं बघा."

शेवंती वळली. भिंतीवर एक थोराड बाई बसली होती. खांदे वर ओढलेले, मान पुढे. दिव्याची ज्योत हलली तशी तिची हनुवटी हलल्यासारखी झाली. शेवंतीच्या ती ओळखीची होती. तोंडातला बोळा गळून पडला.

"देणार नाय."

आवाज सगळ्या गाळ्यात भरला. बायका वळून बघू लागल्या.

"काय देणार नाही?" रुचिराने विचारलं.

शेवंती उठली, चपला हातात घेऊनच जिन्यावर गेली.

जान्हवी पाठोपाठ आली. दोघी पायरीवर बसल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टीने बंद करत होतं, तिचा फर्रकन आवाज येत होता.

"देवी हेच म्हणाली होती ना?" जान्हवीने विचारलं. "तुझ्या अंगात आली तेव्हा. पोर देणार नाय."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलंच नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"आठवीत असताना नळावर बायका बोलत होत्या. मी घरी येऊन आईला विचारलं. तिने सगळं सांगितलं. तिला मूल होत नव्हतं, तुला नितेशदादा होता. मग तुला मी झाले, आणि मला तिला द्यायचं घरच्यांनी ठरवलं. तू हसत तिच्या ओटीत घातलंस मला, असं म्हणाली. फक्त देवी नाही म्हणाली, ती मग घाडीने बांधली." ती थांबली. "तेव्हापासून मी त्या देवीला रोज हात जोडायचे, काकी. वाटायचं, माझ्यासाठी देवी भांडली. तू नाही भांडलीस."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. शेवंतीने चपला खाली ठेवल्या, एकमेकींना लावून.

"देवी इलीच नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं कोण ऐकणार होतं? पुरुष बसून ठरवत होते, मी चहा देत होते. आरती चालू झाली तेव्हा केस सोडले आणि घुमायला लागले. देवीचं तरी ऐकतील म्हटलं." तिने घशावर हात ठेवला. "तां मीच बोललंय."

जान्हवीचा स्वर कोरडा होता. "मग बांधलं कुणाला?"

"मलाच. मिरच्यांची धुरी दिली. तुझ्या काकांनी हात धरले होते. डोळे, घसा, सगळं पेटलं. घाडी विचारत होता, गेलीस काय? मी म्हटलं, गेले."

"आणि मला दिलंस."

"हो."

"नंतर? मी बाजूच्याच खोलीत होते. इतकी वर्षं."

"परत धुरी देतील म्हणून घाबरले. मग तू मोठी होत गेलीस, तिला आई म्हणायला लागलीस." शेवंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि माई चांगली होती गं. वाईट असती तर बरं झालं असतं."

जान्हवी उठून पायऱ्या उतरू लागली. मेट्रोत ती दाराशी उभी राहिली, रिकामी जागा असूनही. एरवी ती काकीला चाळीच्या तोंडाशी सोडून बोरिवलीला आपल्या घरी जायची. आज तिच्याबरोबर वर आली आणि सरळ काशीरामांच्या खोलीत शिरली. शेवंती दाराबाहेरच थांबली.

"बाबा, घाडीला येऊ नका म्हणून कळवा."

"तुका काय कळता त्यातलं?" काशीराम पलंगावरून म्हणाले. "माई गेली, घर उघडं पडलंय. तिच्या अंगातलं आवरलं नाही तर..."

"भावजी."

दोघांनी दाराकडे पाहिलं. तो आवाज जाड होता, घोगरा होता आणि अजिबात थरथरत नव्हता.

"घाडीक बोलवू नकात. माका कोणी बांधूचा नाय."

काशीराम धडपडत उभे राहिले. म्हातारपणाने त्यांची मान हलायची, ती आता जास्तच हलू लागली. त्यांचे हात आपसूक जुळले, कपाळाला लागले.

"आई," ते म्हणाले, "चुकला असात तर पदरात घी. कोण तू? खयची?"

"हात जोडू नका, बाबा," जान्हवी म्हणाली. "देवी नाहीये ती."

"मग कोण आसा ती?"

जान्हवी शेवंतीकडे वळली आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, राग ओसरला नव्हता. ती फक्त थांबली होती.

थोरल्या दिरांसमोर शेवंती आयुष्यात कधी बसली नव्हती. तिने उंबरा ओलांडला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि बसली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "सांगतंय."