बिननावाचं सभागृह

मानवतपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात १९६६ साली सार्वजनिक सभागृह झालं. आत एकही खांब नाही. वर पालथ्या पन्हाळीसारखं, तीन इंच जाडीचं काँक्रीटचं छत. ओव्हरसियर बसवंतराव येलदरीच्या धरणावर काँक्रीट शिकले होते. सभागृह त्यांनी स्वतः उभं राहून ओतून घेतलं.

अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीनंतर जिल्ह्यात ‘नाव’ म्हणायच्या आधी लोक मागं वळून बघू लागले. सभागृहाला कुणाचंही नाव दिलं तरी निम्म्या गावाला झोंबणार, म्हणून पाटी कोरीच ठेवली. याला आम्ही सलोखा म्हणत होतो.

सत्त्याऐंशीत छत गळू लागलं. निवृत्त बसवंतरावांनी दुरुस्तीचा अर्ज केला, जपून ठेवलेला मूळ नकाशा जोडला. उत्तर आलं : ‘इमारतीचे नाव कळवावे.’

ते सरपंचांकडे गेले. “दिनकरराव, कोणतंही नाव द्या. माझ्या दुश्मनाचं द्या.”

“साहेब, तुमी नाव घेऊन घरी जाताल. दगड आमच्या पत्र्यावर पडतेत.”

शेवटी ग्रामसभा सभागृहातच भरली, छत्र्या उघडून. चार नावं सुचली, तीन डोकी फुटली. मग एकमतानं ठरलं, इमारतच पाडावी. पाडायला नाव लागत नव्हतं. नकाशा लागत होता, तो जोडलेलाच होता.

पाडायचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराकडून लिंबाजी गवंडी आला. छत ओततानाही तोच होता. नवव्या दिवशी तो बसवंतरावांच्या दारात उभा.

“साहेब, आठ दिस झाले घण मारायलोत. पन्हाळ हालंना.”

बसवंतरावांचा चेहरा खुलला. “मग राहू द्या की!”

“गुत्तेदार म्हणतोय, आत शिरून भिंती काढा.”

“आत कोण आहे?”

“माझ्या हाताखालच्या बाया, दगडाबाई, पंचफुला. अन् आता मी जायलोय.”

बसवंतरावांनी चपला घातल्या. सगळ्यांना बाहेर काढलं. दोन्ही भिंतींना आवळून धरणाऱ्या पोलादी कांबा होत्या; छताचा बाहेरचा रेटा त्याच पेलत होत्या. त्यांची भिंतीबाहेर आलेली टोकं त्यांनी काठीनं दाखवली.

“इथं कापा. एकेक करून. अन् शेवटची तुटायच्या आधीच पळा.”

चौथ्या कांबेला छत खाली बसलं. कुणाला खरचटलंही नाही. धुरळा बसेपर्यंत बसवंतराव तिथंच उभे होते.

“लय पक्कं होतं, साहेब,” लिंबाजी म्हणाला.

“हो,” ते म्हणाले, “जरा जास्तच.”

पुढं त्यांनी निदान नकाशा तरी परत मिळावा, असा अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं : ‘इमारतीचे नाव कळवावे.’