उजव्या वळणाची टिकटिक

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, ऐकलं मात्र नक्की असेल. गाडी वळायची असली की आतून टिक... टिक... असा आवाज येतो ना, तो माझा. मी एका जुन्या गाडीतला जुना फ्लॅशर आहे. काड्यापेटीएवढी माझी डबी. स्टिअरिंगच्या खाली, वायरींच्या गुंत्यात, अंधारात माझी जागा. तिथून रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. जे काही सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं.

कारखान्यात एका लांब टेबलापाशी बसणाऱ्या बाईनं मला जोडलं. मला वीज देऊन तिनं कानाशी धरलं, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "हं, ठीक आहे." माझं पहिलं कौतुक ते. नंतरही फारसं झालं नाही. माझं काम तसं साधं. चालवणाऱ्यानं दांडी खाली-वर केली की वीज माझ्यातून त्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या दिव्याकडे जाते. दोन्ही दिवे लागले की माझे ठोके सावकाश पडतात. एक जरी लागला नाही तरी माझ्यावरचं ओझं कमी होतं आणि ठोके भराभर पडू लागतात. मला एवढंच सांगता येतं. तोंडानं काही बोलता येत नाही.

आमच्या घरात तीन माणसं होती. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आई घर बघायची आणि मुलगी शाळेत जायची. गाडी घेतली त्या दिवशी आईनं मनाशी एक नेम धरला. रोज पहाटे उठून गाडीचे सगळे दिवे धुवायचे आणि मगच पाण्याचा पहिला घोट घ्यायचा. बाबा हसायचे. "अगं, पावसानं धुतले जातातच की."

"पाऊस पावसाचं काम करतो, मी माझं करते," आई म्हणायची. "तुम्ही दोघं यांच्याच भरवशावर बाहेर जाता."

एक दिवसही तिनं तो नेम मोडला नाही. ताप असला तरी ती यायची. आधी तांब्या टेकवल्याचा आवाज, मग दिव्याच्या काचेवरून वाहणारं पाणी, मग फडकं. माझी सकाळ त्या आवाजांनी व्हायची.

वर्षं गेली. गाडी जुनी झाली. मागच्या उजव्या दिव्याच्या काचेखाली रबराची पट्टी असते, ती कडक होऊन चिरली. हे कुणाला कळलं नाही. मला तरी कुठून कळणार? मला फक्त इतकं जाणवू लागलं की काही दिवशी सकाळी उजवीकडे वळताना ओझं कमी लागतं आणि माझे ठोके भराभर पडतात. दुपारी दुकानातून परत येताना मात्र सगळं सुरळीत असायचं.

मुलीला तो वेग फार आवडायचा. "बाबा, आज गडी घाईत आहे!" असं म्हणून ती सीटवर बसल्या बसल्या नाचायची.

"म्हातारा झालाय, पण अंगात जोर आहे बघ," बाबा म्हणायचे.

माझ्या त्या आवाजाचा अर्थ त्यांनी असा लावला. आवाज जोरात येतोय म्हणजे इंडिकेटर छान चालतोय! मी आणखी काय करणार होतो?

अधूनमधून मागून कुणी ओरडायचं, "अहो काका, वळताना साइड द्या की!" बाबा म्हणायचे, "दिली आहे की!" असं दोन-तीनदा झाल्यावर ते गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत गेले, म्हणजे भर दुपारी. तोवर सगळं वाळलेलं असायचं. दिवा लागला. मी सावकाश वाजलो.

"काका, लागतोय की! तुम्हीच एकदा स्वतःचा चष्मा बदलून घ्या," मेकॅनिक म्हणाला. बाबाही हसले. पुन्हा एकदा नेली, पुन्हा दुपारीच. पुन्हा तेच.

मग ती सकाळ आली. बाबा मुलीला शाळेत सोडायला निघाले होते. आमच्या रस्त्याच्या टोकाला उजवीकडे एक गल्ली आहे. बाबांनी दांडी हलवली. मी भराभर वाजू लागलो. गाडी वळली, तेवढ्यात उजव्या बाजूला मोठा आवाज झाला. मागून स्कूटर येत होती. स्कूटरवर आमच्याच रस्त्यावरचे शिंपीकाका होते. बाबांच्या सगळ्या पँटी त्यांनीच शिवलेल्या. रोज संध्याकाळी दोघांचा चहा एकत्र असायचा. काकांचा पाय मोडला.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आवाज आठवतात.

"त्यानं साइड दिलीच नव्हती," असं शिंपीकाका दवाखान्यात म्हणाले. आईनं ते गाडीत बसल्यावर बाबांना सांगितलं.

"दिली होती," बाबा म्हणाले.

चौकशीला आलेल्या पोलीससाहेबांनी गाडी तपासली. दुपार होती. दिवा लागला. मग निकाल उघडच होता. दिवा धड आहे, म्हणजे चालवणारा विसरला. लोक गाडीजवळून जाता-येता बोलायचे. "दुसऱ्यांचे डोळे तपासतात आणि स्वतः असे!" कुणी म्हणायचं, "वय झालं की होतं असं. पण कबूल तरी करावं माणसानं."

बाबांनी गाडी चालवणं सोडलं. चहा थांबला. शिंपीकाकांचा पाय जुळला, पण पूर्वीसारखा झाला नाही. शिलाईयंत्र ते आता एकाच पायानं चालवतात, असं मुलगी एकदा मैत्रिणीला सांगत होती.

बाबा कधीकधी संध्याकाळी गाडीत येऊन बसायचे. शेजारच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या नाही. मुलगी शोधत आली की तिला विचारायचे, "दिला होता ना गं मी सिग्नल?"

"हो बाबा. मी टिकटिक ऐकली."

काही महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटतं, दिला होता."

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पण एकदा एकटेच बसले असताना हळू आवाजात म्हणाले, "नसेलही दिला." मित्रांनो, माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडताना आवाज होत नाही. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

गाडी विकायचं ठरलं. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, गाडी न्यायला आला. गिऱ्हाईक त्यानंच शोधलं होतं. सकाळची वेळ. आईनं नेमाप्रमाणे दिवे नुकतेच धुतले होते. बंद गाडीचेही ती रोज धुवायची.

मामा म्हणाला, "निघण्याआधी सगळं बघून घेऊ. गिऱ्हाईक खवट आहे." त्यानं मुलीला चालवणाऱ्याच्या जागी बसवलं आणि उजवी बाजू लावायला सांगितली. मी भराभर वाजू लागलो.

"मामा, ऐक, गडी घाईत आहे!"

"घाईत कसला! बोंब मारतोय तो," मामा म्हणाला. "माझी पहिली गाडी अशीच करायची. बाहेर कुठला तरी दिवा लागत नसणार." त्याची पावलं मागे गेली. "हा बघ, मागचा उजवा. मेलाय!"

मग स्क्रू फिरल्याचा आवाज आला. काच निघाली आणि पाणी जमिनीवर सांडलं. मामा हसत सुटला. "ताई, अगं मासे पाळलेस की काय इथं? केवढं पाणी! रबर फाटलंय, होल्डर सगळा गंजलाय. वाळला की लागत असेल, ओला झाला की बंद. रोज एवढं पाणी येतं तरी कुठून?"

आईच्या हातातला तांब्या जमिनीवर टेकला. मामाचं हसू हळूहळू थांबलं.

थोड्या वेळानं मुलगी घरात धावली. "बाबा! बाबा, लवकर या!"

बाबा आले. मामानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. सकाळचं आणि दुपारचं, माझ्या घाईचं, पाण्याचं. शेवटी म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सिग्नल दिला होता. तो बाहेर पोचलाच नाही."

मला वाटलं, बाबा आनंदानं काहीतरी बोलतील. ते फक्त "बरं" म्हणाले. खूप वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं." मामा पॉलिशपेपरनं होल्डर घासत राहिला.

मग आई म्हणाली, "गाडी काढा. त्यांच्याकडे जायचंय. मला सांगायचंय."

"मी सांगतो ना. तू कशाला?"

"पाणी मी घातलं. मीच सांगणार."

बाबा चालवणाऱ्याच्या जागी बसले. किल्ली दोनदा चुकली. गाडी सावकाश शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन थांबली. आतलं यंत्र थांबलं. काठी टेकत पावलं बाहेर आली. आईनं खिडकीशी उभं राहून सगळं सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही. शेवटी म्हणाली, "यांनी सिग्नल दिला होता. तुम्हाला दिसला नाही, तेही खरंच. मी रोज मनोभावे दिवे धुतले, भावोजी. त्यानंच हे झालं."

शिंपीकाकांची काठी खिडकीपर्यंत आली.

"म्हणजे हाही खोटं बोलत नव्हता."

"नाही."

"आणि मीही नाही."

"नाही."

"वहिनी, उन्हात उभ्या राहू नका. आत बसा," ते म्हणाले. आई हलली नाही. मग काठीचा आवाज गाडीच्या कडेनं मागे गेला. तिथून ते ओरडले, "दे बघू रे साइड! उजवी."

बाबांनी दांडी हलवली. मी सावकाश वाजलो. टिक... टिक...

"लागतोय," शिंपीकाका म्हणाले.

बाबांनी दांडी परत फिरवली नाही. मी वाजत राहिलो.

"बंद कर आता," काका म्हणाले. "बॅटरी उतरेल."

गाडी विकायची ठरली होती, ती विकली गेलीच. काकांचा पाय पूर्वीसारखा झालाच नाही. चहा पुन्हा सुरू झाला का, ते मला माहीत नाही. त्याच संध्याकाळी मामा गाडी घेऊन गेला. आता ती गाडी दुसऱ्या घरी आहे, आणि तिच्यात मी. माणसं वाईट नाहीत, पण गाणी मोठ्यानं लावतात. रबर कुणी बदललं नाही. गेल्या आठवड्यात पाऊस झाला, तेव्हापासून मी पुन्हा भराभर वाजतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर वळताना गाणी थोडी हळू करा. टिकटिक एकाएकी वाढली तर नाचू नका. मोठ्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगा. मग कुणीतरी जपून खाली उतरा, मागे जाऊन उभे राहा, आणि दिवा लागतो का ते बघून आत सांगा. मला इथून ते दिसत नाही.