भित्तिपत्रकावरची सही

नारायण पेठेतल्या त्या कॉलेजात भित्तिपत्रकाचा नियम जुना होता. लेख विद्यार्थ्याचा, खाली सही मराठीच्या सरांची. सही झाली की लेख महिनाभर काचेआड. सव्वीस वर्षं ती सही रविराज पाटणकरांची होती. खरं तर लेख वाचायची त्यांची बायको, जया. रविवारी कोथरूडच्या घरी ती एकेक कागद मोठ्यानं वाचायची, मग सर सही करायचे. जया जाऊन तीन महिने झाले होते. यंदाचा गठ्ठा सरांनी न वाचताच सह्या करून परत दिला.

सोमवारी प्राचार्या नम्रता मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं आणि लेखाचा फोटो पुढे केला.

"अहो, हे वाचलंत का?"

दुसऱ्या वर्षाच्या तनया कांबळेचा लेख होता, 'आमच्या जन्माआधीच्या नोट्स.'

"संस्थेचे लोक चिडलेत. तुम्ही एवढंच लिहून द्या, की घरच्या परिस्थितीमुळे न वाचता सही झाली. लेख आम्ही काढतो, मुलीकडून माफीनामा घेतो. तुमच्यावर काही येणार नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते सरांना टोचलं. जयाचं जाणं एका पोरीचं तोंड बंद करायला वापरायचं?

"एक मिनिट," म्हणून त्यांनी लेख उभ्या उभ्या वाचला. 'मराठीचे सर पिवळे कागद वाचतात. आम्ही उतरवून घेतो. मध्ये कुणाचंच डोकं येत नाही.' तीन महिन्यांत पहिल्यांदा सर हसले.

"राहू द्या लेख."

"अहो, तुमचीच लाज काढली आहे!"

"माझी काढली, तर राग मला यायला हवा. संस्थेला कशाला?"

"उद्या कुणीही काहीही लिहील."

"लिहू दे की. पटलं नाही तर तुम्ही उत्तर लिहा. शेजारी जागा आहे. त्यावरही सही करतो. वाचून."

"पुढच्या वर्षी भित्तिपत्रक तुमच्याकडे नसेल, सर."

"या महिन्यात आहे ना? मग महिनाभर लेख हलणार नाही." त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'सही आधी केली, लेख नंतर वाचला. वाचल्यावरही सही कायम आहे. लिहिणं हा तिचा हक्क आहे, माफी मागायला लावू नये.' खाली तारीख घातली.

मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

बाहेर तनया उभी होती. तिलाही बोलावणं होतं.

"सर, सॉरी, मी पर्सनली तुमच्याबद्दल..."

"सॉरी कशाला? लेख राहतोय. माफीबिफी काही नाही. उद्यापासून नोट्स बंद. वर्गात बोलायचं, माझ्याशी भांडायचं."

तनयाचा चेहरा पडला. "नोट्स बंद? सर, मग परीक्षेचं काय?"

"त्यावर पुढचा लेख लिही," म्हणत सर जिना उतरले.