पाटा

गंधारने पेटीच्या फळीत पटाशी घातली आणि अंगातला सगळा जोर लावून ती उचकटली. खिळे किरकिरत वर आले. विलायतेहून आलेली पेटी, वर कस्टमचे शिक्के, आत कागदाच्या बोळ्यांत गुंडाळलेला, गाडीच्या स्प्रिंगचा, एकावर एक पानं रचलेला लांबलचक पोलादी पाटा. अंगणात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या अप्पांना दिसावा म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी वर धरला. 

"अप्पा, हा बघा. आला एकदाचा."

अप्पांनी पाहिलं. तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला, डावा तेवढा हलला.

"पाटा," ते म्हणाले.

"हो, पाटाच. आज संध्याकाळपर्यंत बसवतो की नाही बघा."

पण शेजारी उकिडवा बसलेला सुहास पाटा उलटसुलट करून बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. सुहासचं हातखंब्याला गॅरेज. अप्पांनी त्याला पॉलिटेक्निकात शिकवलेलं, म्हणून गिऱ्हाइकं खोळंबून ठेवून तो अधूनमधून यायचा. त्याने टेप लावली, मधली भोकं पाहिली, आणि टेप सर्रकन आत जाऊ दिली.

"हा नंतरच्या मॉडेलचा आहे रे. ह्याची वरची पानं मोकळी डुलतात. आपल्याला सगळी एकत्र जखडलेली लागतात."

"बसवून तर बघू."

"बसण्यासारखा असता तर एव्हाना हातात पाना घेतला असता मी."

गंधार मटकन पायरीवर बसला. फोटो पाठवले होते, चासीचा नंबर पाठवला होता, तिकडच्या माणसाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार-चारदा समजावलं होतं. एवढं करून पेटीत निघालं काय, तर धाकट्या भावंडाचं हाड. मागून अप्पांचा आवाज आलाच.

"पाटा. पाटा."

आयुष्यभर पोरांना चार स्ट्रोकचं इंजिन शिकवणाऱ्या अप्पांना, पोरांच्या हरिहर सरांना, एकाच स्ट्रोकने गप्प केलं होतं. दिवाळीनंतरच्या त्या झटक्याने उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. नातेवाइकांची नावं गेली, शिव्या गेल्या, देवाचं नावही गेलं. उरला हा एवढा शब्द. तो ते सहज उच्चारत नसत. घशातून ओढून काढत, आणि डावा हात उचलून अंगणापलीकडच्या मांगराकडे, त्या कौलारू खोपटाकडे, दाखवत. कुणाला कळलं नाही की खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत आणि रडत. अप्पांना रडताना गंधारने आईच्या चितेपाशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा मनस्विनी, गंधारची बायको, म्हणाली होती, "पाट्यावरची चटणी हवी असेल का रे त्यांना?"

पण घरात पाटा होता कुठे? आई जाऊन चार वर्षं झाली, आणि पाटा तर तिच्याही आधी कधीतरी दिसेनासा झाला होता. गंधार पुण्याला शिकायला होता तेव्हाच केव्हातरी घरात मिक्सर आला. मागे राहिला तो नुसता वरवंटा. खाडीवरच्या वाऱ्याने मागचं दार आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला. मनस्विनीने मिक्सरमध्येच ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली आणि बोटाने अप्पांच्या जिभेवर ठेवली. अप्पांनी डाव्या हाताने ताट उडवलं.

मग सुहासने निकाल दिला. "वहिनी, सरांच्या तोंडी पाटा म्हणजे गाडीचा पाटा. मागचा. तोच तर तुटलाय."

ते सगळ्यांना पटलं. मोटारवाल्या घरात दुसरा पाटा सुचणार तरी कसा?

मांगरात ती गाडी होती. हिरवी स्पिटफायर, दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, उंचीला एवढीशी की आत बसावं ते अंथरुणावर पडल्यासारखं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा साहेब देश सोडून जाताना टाकून गेलेली. गंधार प्राथमिक शाळेत असताना अप्पांनी ती चिऱ्यांच्या ट्रकवर चढवून रत्नागिरीत आणली. त्यानंतर घरातल्या आंब्याच्या पेट्यांत आंबे कमी आणि नटबोल्ट जास्त. आई हसून म्हणायची, "लोकांच्या पाचवीला काय काय पुजलेलं असतं. माझ्या पाचवीला ही गाडी." पण भाट्याच्या पुलावरून, डोक्याला रुमाल बांधून, त्या गाडीत मिरवायलाही तिला आवडायचं. एकदा निवळीच्या घाटात मागचा पाटा तुटला, गाडी एका कुशीवर बसली, ती बसलीच. अप्पांनी चाकं उतरवून तिला चारी कोपऱ्यांना चिऱ्यांच्या थरांवर टेकवलं. जांभा तो, लोखंडाच्या कडेखाली त्याचा भुगा व्हायला लागला. म्हणून थरांवर काहीबाही टणक दिलेलं होतं, कुठे फणसाची फळी, कुठे रेल्वेच्या स्लीपरचा तुकडा, एकीकडे गोणपाटात गुंडाळलेला काळा दगड. दर वर्षी अप्पा म्हणायचे, यंदा उभी करतो.

आता उभी करण्याची पाळी गंधारची होती, आणि गंधार बँकेतला कारकून. लहानपणी त्याचं काम बॅटरी धरून उभं राहण्याचं, तेही तो धड करत नसे. गाडीवर त्याचा जुना रागच होता. पण डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दुसरा झटका केव्हाही येईल. जे मागतात ते देऊन टाका." आणि एक माणूस सगळं विसरून एकच गोष्ट मागतो, ती आपल्याला देता येत नाही, ह्या विचाराने तो पाट्याच्या मागे लागला. बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन तो फोन करायचा. कुर्ल्याचे भंगारवाले हसायचे. कोइमतूरचा एक म्हातारा गाड्यांचा शौकीन तासभर बोलायचा, पण देण्यासारखं काही नसायचं त्याच्याकडे. पुण्याच्या एका माणसाने "बघतो" म्हटलं आणि फोन उचलणं बंद केलं. एकदा कपाटाच्या दाराला डोकं टेकून गंधार हमसून हमसून रडला, मग तोंड धुऊन काउंटरवर येऊन बसला.

विलायतेची पेटी फुकट गेली त्या दिवशी निघताना सुहास फाटकात थांबला.

"हेराल्डचा पाटा चालेल," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणी त्या गाड्या. पण हेराल्ड आता मिळायची कुठे?"

मिळाली ती सावर्ड्याला. हायवे सोडून आत, एका घरामागे, चाकांपर्यंत मातीत रुतलेली. आत कोंबड्या. स्टिअरिंगवर एक कोंबडा बसलेला, जसा काही तोच चालवत आणून इथे थांबला होता. घरमालकीण जनीआजी कमरेवर हात ठेवून गंधारकडे बघत राहिली. बाप आजारी आहे, त्याला गाडीतलं एक लोखंड हवंय, एवढं तिला कळलं.

"ने बाबा, ने. गंजूनच चाललीय ती," ती म्हणाली. "पन मागनं उचकटलीस की मुंगूस शिरल. माज्या कोंबड्या कुटं जातील?"

तेव्हा बँकेतल्या कारकुनाने जनीआजीच्या कोंबड्यांना खुराडं बांधून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा करवत धरलेली; हाताला फोड आले, ते फुटले. तो खिळे ठोकत असताना मनस्विनीचा फोन आला.

"आज दूधही नाही घेतलं त्यांनी. नुसतं मांगराकडे बघत पडलेत." मग तिने आवाज खाली आणला. "गंधार, लवकर ये रे."

त्याने खुराड्याचं दार तिरकंच बसवलं.  हेराल्डचा पाटा काढून टेंपोत चढवताना जनीआजीने तो दुसऱ्या टोकाने उचलून धरला.

पुढच्या सकाळी सुहास गॅरेज बंद ठेवून आला. पाट्याचा गंज घासून झाला, पानापानांत ग्रीस भरलं, नवे बुश ठोकले. अप्पांना मनस्विनीने खुर्चीत उशा लावून मांगराच्या दाराशी आणून बसवलं होतं. अंगात बळ नव्हतं, मान एका बाजूला कलत होती, पण डोळे जागे होते. पाट्याची टोकं दोन्हीकडे जागेवर येईनात तेव्हा सुहास पहारीवर लोंबकळला आणि गंधार चिखल-घामाने भरलेल्या तोंडाने गाडीखालून ओरडत राहिला, "अजून! अजून थोडा!" आणि एकदम बोल्ट आरपार गेला. लोण्यात बोट जावं तसा.

जॅकने गाडी आणखी उचलून त्यांनी चिऱ्यांचे थर मोडले. चिरे, फळ्या, दगड, सगळं ओढून भिंतीशी लोटलं. चाकं चढवली. सुहासने जॅक सोडला आणि गाडी हळूहळू खाली आली, टायर किंचित दबले, मागचा भाग एकदा खाली गेला, वर आला आणि स्थिर झाला. कितीतरी वर्षांनी ती स्वतःच्या पायांवर उभी होती.

सुहासने टाळी वाजवली. गंधार धावत अप्पांपाशी गेला, गुडघ्यांवर बसला.

"बसला, अप्पा! पाटा बसला!"

अप्पांनी गाडीकडे पाहिलंही नाही.

"पाटा," ते म्हणाले.

"हो, हो. तोच. बघा तरी."

अप्पांनी मान हलवली. नाही. झटका आल्यापासून ते मानेने कधी 'नाही' म्हणाले नव्हते. डावी मूठ दांड्यावर आपटायला लागली. "पाटा. पाटा. पाटा."

गंधारचं भानच सुटलं. "अजून कुठला पाटा आणू, अप्पा?" तो किंचाळला. "कुठून आणू मी? सांगा ना! काय राहिलंय आणायचं?"

मनस्विनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला. तेवढ्यात अप्पांनी डाव्या हाताने खुर्चीला रेटा दिला आणि ते उशांसकट जमिनीवर कोसळले. सुहास उचलायला धावला.

"थांबा," मनस्विनी म्हणाली. "सुहासदादा, थांबा जरा. कुठे जातायत ते बघू."

अप्पा सरपटत होते. अर्धं अंग ओढत, कोपराने, मांगराच्या मातीत गाल घासत. गाडीला वळसा घालून ते भिंतीशी लोटलेल्या चिऱ्यांच्या ढिगापाशी पोहोचले. गोणपाट कुजलेलंच होतं. त्यांनी नखं घातली आणि ते फाडलं.

गंधार त्यांच्याशेजारी बसला. आत वंगणाने माखलेला काळा दगड होता. हा दगड त्याने महिनोनमहिने कानाशी घेऊन गाडीखाली पाठ टेकली होती. त्याने त्यावर तळहात फिरवला, आणि वंगणाच्या थराखाली बोटांना ते लागले, ओळीने मारलेले बारीक खड्डे. टाकीच्या घावांचे. दर वर्षी टाकीवाली यायची, आई तिला चहा द्यायची आणि पाट्याला टाकी लावून घ्यायची.

"हा आईंचा पाटा," मनस्विनी हळूच म्हणाली.

गंधारच्या पाचवीला पुजला होता तो. आणि गंधारला आई आठवली, इस्पितळातली, सुकलेली. अप्पा निघायला उठले की ती म्हणायची, "माझं तेवढं लक्षात आहे ना?" अप्पा म्हणायचे, "गाडी उभी राहू दे. राहिली की लगेच." आईला एकदा पुलावरून फिरायला जायचं असेल, असं दाराशी उभ्या गंधारला वाटलं होतं. ती मागत होती तिचा पाटा.

त्यांनी पाटा मागच्या दाराशी नेला. चुलीतली राख आणि गरम पाणी घेऊन गंधारने तो घासला, पुन्हा पुन्हा घासला. काळं पाणी केळीच्या आळ्यात वाहून गेलं. पाणी निवळलं तेव्हा दगड ओला, निळसर दिसायला लागला. मनस्विनीने दाराचा वरवंटा काढून आणला आणि त्यावर ठेवला. मागचं दार वाऱ्याने आपटायला लागलं. कुणी ते लावायला उठलं नाही.

भिंतीला टेकून बसवलेल्या अप्पांनी डावा तळहात वरवंट्यावर ठेवला. पुढे सारला. मागे ओढला. दगडावर दगडाचा खरखर आवाज आला, रिकाम्या पाट्याचा.

मनस्विनीने खोबरं खवून आणलं, मिरची, मीठ, कोकमाचं थोडं आगळ. तिला नीट वाटता येत नव्हतं, बोटं सोलवटली. वाटलं गेलं तसं तिने ते अप्पांच्या ओठांना लावलं. अप्पांनी जीभ फिरवली, गिळलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

मांगरातून सुहासने हाक मारली, "गंधार, किल्ली कुठाय रे? स्टार्ट करून बघायची ना?"

गंधारने ऐकलं, पण तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे जॅक येत होता. पहिल्या दिवसापासून मांगरातच पडलेला. तो लावून तेवढा एक दगड काढून घ्यायचा होता, पाणी तापायला लागतं तेवढ्या वेळात झालं असतं. अप्पा तेच तर सांगत होते, त्याच दगडाकडे हात करून, रोज. त्याने अप्पांचा मातीने भरलेला गाल पंच्याने पुसला आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"अप्पा, आणखी काही हवंय?"

अप्पांचे ओठ चटणीने माखले होते. त्यांचा श्वास संथ चालला होता. गंधार तसाच वाकून राहिला, आता तो एवढासा शब्द तरी पुन्हा ऐकू यावा म्हणून. पण अप्पांचं सांगून झालं होतं.